यंत्र तेच, माणसं तीच. मग चाचणी रुग्णापर्यंत पोचायला इतका वेळ का?

एका संशोधन गटाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी वारशाने येणाऱ्या हृदयविकारांसाठी 80 जनुकांचं सिक्वेन्सिंग पॅनेल, म्हणजे ती जनुकं एकत्र वाचणारी चाचणी, बसवलं आहे. 200 नमुन्यांवर ते छान चाललं, शोधनिबंधही झाला. आता हृदयरोगतज्ज्ञ विचारू लागले आहेत, ‘आमच्या रुग्णांचे नमुने पाठवायला लागू का?’ यंत्र तेच, माणसं तीच, रसायनं तीच. मग निदान चाचणी म्हणून ते सुरू करायला अजून दीड-दोन वर्षं लागतील असं जो तो का सांगतो? नेमकं अडतं कुठे?

मी वीसेक वर्षं निदानाच्या जनुकशास्त्र प्रयोगशाळेत काढली आहेत, आणि त्याआधीची काही वर्षं संशोधनात. दोन्हीकडची माणसं सारखीच हुशार असतात आणि यंत्रंही बऱ्याचदा एकाच बनावटीची असतात. वेगळा असतो तो विचारलेला प्रश्न. संशोधनात तुम्ही विचारता, या आजाराच्या लोकांमध्ये अमुक जनुकातले बदल जास्त आढळतात का? 200 पैकी 3 निकाल चुकले तरी त्याचं उत्तर बदलत नाही. रुग्णालयात विचारलं जातं, समोर बसलेल्या या बाईंच्या मुलीला धोका आहे का? तिथे ते 3 निकाल म्हणजे 3 घरं. शिवाय तुमचा कागद हातात पडल्यावर कोणीतरी काहीतरी करणार असतं. छातीत आयसीडी, म्हणजे बिघडलेले ठोके झटका देऊन सुधारणारं यंत्र, बसवणार, मुलाचा खेळ बंद करणार, भावाला ‘तुला काही नाही’ म्हणून घरी पाठवणार. यातलं बरंचसं नंतर मागे घेता येत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की यंत्रापासून सुरुवात करू नका. हृदयरोगतज्ज्ञांबरोबर एक अख्खी दुपार बसा आणि पॅनेलमधल्या प्रत्येक जनुकासमोर लिहून काढा: इथे रोगकारक बदल सापडला तर उद्यापासून तुम्ही काय वेगळं कराल? काही जनुकांसमोर उत्तर लगेच येतं. हृदयाचा स्नायू जाड झालेल्या रुग्णात जीएलए जनुकात रोगकारक बदल निघाला, तर तो फॅब्री आजार असतो आणि त्याचे उपचार पूर्ण निराळे आहेत. हृदय फुगून अशक्त झालेल्या रुग्णात एलएमएनए जनुकातला बदल निघाला, तर ठोक्यांची जीवघेणी गडबड होण्याची भीती जास्त असते आणि आयसीडीचा विचार एरवीपेक्षा लवकर करावा लागतो. काही जनुकांसमोर मात्र सगळे एकमेकांकडे बघत राहतात. ती जनुकं पॅनेलमध्ये आली, कारण कधीतरी कुठल्यातरी शोधनिबंधात त्यांचं नाव छापून आलं होतं.

ही गोष्ट किती गंभीर आहे ते ब्रुगाडा सिंड्रोमने दाखवून दिलं. या आजारात हृदयाचे ठोके अचानक बिघडून मृत्यू ओढवू शकतो. त्याच्याशी जोडलेली 21 जनुकं निदानाच्या चाचण्यांत तपासली जात होती. 2018 मध्ये क्लिनजेन या जनुकं आणि आजार यांचं नातं तपासणाऱ्या प्रकल्पातल्या तज्ज्ञांनी एकेका जनुकाचा पुरावा पहिल्यापासून पुन्हा तपासला. पुरावा टिकला तो फक्त एससीएन5ए या एकाच जनुकाचा. उरलेल्या 20 जनुकांत ‘काहीतरी सापडलं’ म्हणून जगभरातल्या किती कुटुंबांना चुकीची धास्ती किंवा चुकीचा दिलासा मिळाला असेल, याचा विचार आजही माझ्या डोक्यातून जात नाही. संशोधनाला मोठं पॅनेल फायद्याचं असतं, कारण नवं काही सापडण्याची शक्यता वाढते. निदानात प्रत्येक जादा जनुक संदिग्ध निकालांची भर घालतं. तुमच्या 80 जनुकांतली निम्मी या बैठकीत गळली, तर ती बैठक सत्कारणी लागली असं समजा.

चाचणीचा उपयोग सिद्ध करणं म्हणजे काय, याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण हृदयाचं नाही, एचआयव्हीचं आहे. अबाकाविर हे औषध काही रुग्णांना तीव्र, क्वचित जीवघेणी ॲलर्जी करायचं. 2002 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की ही ॲलर्जी एचएलए-बी*57:01 या जनुकप्रकाराशी निगडित आहे. नातं भक्कम होतं, तरी मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. 19 देशांतल्या 1956 रुग्णांवर यादृच्छिक चाचणी झाली. काहींची आधी जनुकतपासणी करून मगच औषध दिलं, बाकीच्यांना नेहमीच्या पद्धतीने. 2008 मध्ये निकाल छापून आला. त्वचेवरच्या चाचणीने खात्री केलेली ॲलर्जी नेहमीच्या गटात 2.7 टक्के होती, जनुकतपासणीच्या गटात शून्य. त्यानंतर अबाकाविर सुरू करण्याआधी ही तपासणी करायची हे उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत पक्कं झालं.

याच्या शेजारी वॉर्फरिन ठेवून बघा. रक्त पातळ ठेवणाऱ्या या औषधाचा डोस जनुकांवरून ठरवायची कल्पना शास्त्र म्हणून तितकीच देखणी होती. 2013 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच सुमारास आले. एकीत फायदा दिसला, दुसरीत दिसला नाही, आणि त्या दुसरीत आफ्रिकी वंशाच्या रुग्णांमध्ये जनुकांवरून काढलेल्या डोसने औषधाचा परिणाम हव्या त्या पट्ट्यात राखणं उलट कमी जमलं. जनुकाचं औषधाशी असलेलं नातं दोन्ही उदाहरणांत खरं होतं. रुग्णाचा फायदा मात्र एकात निर्विवाद दिसला आणि दुसऱ्यात वादात अडकला. तुमच्या विरळ आजारांसाठी 1956 रुग्णांची चाचणी होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण ‘निकालामुळे उपचार बदलले का, नातेवाइकांपैकी किती जणांना वेळेत गाठता आलं’ एवढी नोंद तरी पहिल्या दिवसापासून ठेवता येते. ती नंतर मागे जाऊन गोळा करता येत नाही.

आता तुमच्या 200 नमुन्यांकडे येतो. ते कुठले होते? संशोधनातले नमुने बहुधा एकाच फ्रीझरमधले, एकाच हाताने डीएनए काढलेले आणि प्रत चांगली म्हणून निवडलेले असतात. रुग्णालयातून येणारी नळी अशी नसते. कोणी ईडीटीएऐवजी हेपॅरिनच्या नळीत रक्त घेतं. दोन्ही रसायनं रक्त गोठू देत नाहीत, पण हेपॅरिन पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या क्रियेला, अडवतं. तान्ह्या बाळाचं रक्त जेमतेम अर्धा मिलिलिटर येतं. एखाद्या रुग्णाचं पूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेलं असतं, अर्जावर त्याचा उल्लेखही नसतो, आणि तुम्ही मन लावून दात्याचा डीएनए वाचत बसता. अशा नळ्या मुद्दाम मागवून घ्या आणि पॅनेल त्यांच्यावर चालवून बघा. कोणता नमुना नाकारायचा हे आधीच कागदावर ठरलेलं असलं, की रात्री आठ वाजता घाईत कोणी चुकीचा निर्णय घेत नाही.

किती नमुने पुरे, याचा एक साधा हिशेब आहे. आधीच माहीत असलेले 59 बदल तुमच्या पॅनेलने एकही न चुकता पकडले, तर 95 टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की पकडण्याची क्षमता किमान 95 टक्के आहे. तेच विधान 99 टक्क्यांबद्दल करायचं तर एकही चूक न होता 299 बदल लागतात. आणि हा हिशेब प्रत्येक प्रकारच्या बदलासाठी निराळा मांडायचा: डीएनएतल्या एका अक्षराचे बदल वेगळे, काही अक्षरं गळणं किंवा घुसणं वेगळं, अख्खा एक्झॉन, म्हणजे जनुकाचा प्रथिनाची माहिती असलेला तुकडा, गळणं किंवा दुपटणं वेगळं. तुमच्या संशोधनातले बहुतेक बदल एका अक्षराचेच असणार. अख्खा एक्झॉन गळलेले दोन-तीन नमुने मिळाले असतील तर नशीब. दोन-तीन नमुन्यांच्या जोरावर ‘हे पॅनेल एक्झॉन गळलेलेही शोधतं’ असं अहवालात लिहिता येत नाही. जिनोम इन अ बॉटल प्रकल्पातला, एनआयएसटी या अमेरिकेच्या मानकसंस्थेने 2015 पासून उपलब्ध करून दिलेला संदर्भ डीएनए जरूर वापरा. त्यात लाखो जागांची बरोबर उत्तरं आधीच माहीत आहेत. पण तुमच्या जनुकांतले अवघड रोगकारक बदल त्यात मिळणार नाहीत. त्यासाठी दुसऱ्या प्रयोगशाळांशी नमुन्यांची देवाणघेवाण करावी लागते, आणि दीड-दोन वर्षांतले काही महिने जातात ते इथेच.

‘सरासरी 200 पट वाचन झालं’, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी 200 वेळा वाचलं, या वाक्यावर समाधान मानू नका. सरासरी उत्तम असूनही एखादा एक्झॉन पाचच वेळा वाचला गेलेला असतो. जी आणि सी अक्षरांची दाटी असलेल्या भागात, म्हणजे बऱ्याचदा जनुकाच्या पहिल्याच एक्झॉनमध्ये, असं होतं. आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला बदल 5 रीडमध्ये, म्हणजे यंत्राने वाचलेल्या 5 तुकड्यांत, एकदाही न दिसण्याची शक्यता 32 मध्ये 1 असते; 20 रीड असतील तर तीच शक्यता सुमारे दहा लाखांत 1 होते. प्रत्यक्षात एका रीडवर कोणी बदल जाहीर करत नाही, त्यामुळे खरी स्थिती याहून वाईट असते. म्हणून प्रत्येक एक्झॉनसाठी किमान वाचनाची मर्यादा ठरवा, आणि ती न गाठलेले एक्झॉन एकतर सँगर या एकेक तुकडा स्वतंत्रपणे वाचणाऱ्या जुन्या पद्धतीने वाचून घ्या किंवा ‘वाचता आले नाहीत’ असं अहवालात नावानिशी लिहा. टायटिन या स्नायूतल्या अवाढव्य प्रथिनाच्या जनुकाला 363 एक्झॉन आहेत, आणि त्यातला एक पट्टा जवळजवळ सारख्याच तुकड्यांचा पुन्हा पुन्हा येतो. छोटा रीड त्यातल्या कुठल्या तुकड्याचा हे सॉफ्टवेअरला नीट ठरवता येत नाही. संशोधनात असा पट्टा गाळून टाकतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. निदानात तो पट्टा बघितलाच नाही हे डॉक्टरांना कळलं पाहिजे, नाहीतर कोऱ्या अहवालाचा अर्थ ते ‘टायटिन ठीक’ असा घेतात.

आता एक अनुभव सांगतो, कारण संशोधनातून आलेल्या लोकांना ही गोष्ट सर्वांत उशिरा पटते. आम्ही चाचणी सुरू करून फार दिवस झाले नव्हते. एका पुरुष रुग्णाच्या नमुन्यात दोन एक्स गुणसूत्रं आणि वायचा पत्ताच नाही, असा निकाल आला. आधी वाटलं, काहीतरी दुर्मीळ सापडलं. मग त्याच फेरीतले आणखी निकाल बघितले आणि हातपाय गार पडले. 96 खळग्यांची प्लेट कोणीतरी यंत्रात उलटी ठेवली होती. पहिला खळगा शेवटचा झाला होता आणि शेवटचा पहिला. प्रत्येक निकाल तांत्रिकदृष्ट्या अचूक होता, आणि प्रत्येक निकाल दुसऱ्याच माणसाचा होता. तो एक पुरुष त्या फेरीत नसता तर? तेव्हापासून आम्ही प्रत्येक प्लेटवर एक कोपऱ्याजवळचा खळगा रिकामा ठेवतो, म्हणजे प्लेट फिरली तर तो रिकामेपणा भलत्या जागी दिसतो. शिवाय प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग सुरुवातीलाच निराळ्या नळीत बाजूला काढून तिच्यात वीसेक सामान्य जनुकीय खुणा वेगळ्या पद्धतीने तपासतो, आणि सिक्वेन्सिंगमधल्या खुणा तिच्याशी जुळल्या तरच अहवाल पुढे जातो. नमुन्यांची अदलाबदल ही माझ्या अनुभवात सिक्वेन्सिंगमधल्या चुकीपेक्षा जास्त घातक असते, कारण ती एकाच वेळी दोन माणसांना लागते.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. संशोधनात तुम्ही आवडेल तेव्हा नवी आवृत्ती चढवता. निदानात आवृत्ती गोठवायची, आणि बदलायची झाली तर जुने नमुने पुन्हा चालवून निकाल जुळतात हे दाखवल्याशिवाय नवी वापरायची नाही. अभिकारकांची, म्हणजे चाचणीतल्या रसायनांची, नवी खेप आली तरी तोच नियम. कंटाळवाणं काम आहे, करावंच लागतं.

इथपर्यंत आलो ते ‘अक्षर बरोबर वाचलं का’ एवढ्यापुरतं. खरी दमछाक पुढे आहे: वाचलेल्या अक्षराचा अर्थ काय? 2015 मध्ये अमेरिकेतल्या दोन व्यावसायिक संघटनांनी, एसीएमजी आणि एएमपी यांनी, बदलांचे पाच वर्ग ठरवणारी पद्धत मांडली: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित अर्थाचा, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. त्यातलं ‘बहुधा’ म्हणजे 90 टक्क्यांहून जास्त खात्री. आज जगभर हीच भाषा चालते. नियम वाचायला सोपे आहेत, लावायला नाहीत. दोन अनुभवी माणसांनी एकच बदल स्वतंत्रपणे तोलावा, मतभेद झाला तर तिसऱ्याने बघावं आणि कोणता निकष का लावला हे लिहून ठेवावं, एवढी शिस्त हवीच.

सगळ्यात मोठा खड्डा असतो तुलनेच्या लोकसमूहाचा. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू विनाकारण जाड होणारा आजार, साधारण 500 लोकांत एकाला असतो. 2016 मध्ये एका अभ्यासाने दाखवलं, की या आजारासाठी रोगकारक म्हणून नोंदलेले काही बदल आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन लोकांमध्ये इतके सर्रास आढळतात की ते रोगकारक असूच शकत नाहीत. ते अहवाल खऱ्या रुग्णांना दिले गेले होते. मूळ अभ्यासांतले निरोगी लोक थोडे होते आणि त्यांच्यात या समूहाची माणसं जवळजवळ नव्हतीच. थोडी जरी असती तरी ही चूक बहुधा टळली असती, हेही त्याच अभ्यासाने दाखवलं.

याची दुसरी, जास्त गुंतागुंतीची बाजू एमवायबीपीसी3 जनुकात दिसते. या जनुकातली 25 अक्षरं गळलेला एक बदल दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत असतो. 2009 मध्ये त्याचा हृदय निकामी होण्याशी ठळक संबंध छापून आला. तो सरळ ‘रोगकारक’ धरला तर कोट्यवधी लोक एका फटक्यात रुग्ण ठरतात. पुढे खोलात गेल्यावर दिसलं, की स्नायू जाड होण्याचा धोका मुख्यतः त्यातल्या काही थोड्याच लोकांना असतो. त्यांच्यात त्याच गुणसूत्रावर, त्याच जनुकात दुसरा एक विरळ बदल सोबत आलेला असतो, आणि खरा दोष त्या सोबत्याचा आहे. तो सोबती एक्झॉनच्या बाहेर, बराच आत असतो. तुमचं पॅनेल फक्त एक्झॉन आणि त्यांच्या कडा वाचत असेल, तर ते निरुपद्रवी खूण पकडेल आणि खऱ्या गुन्हेगाराला सोडून देईल. तुमचे रुग्ण कुठल्या लोकसमूहांतले असणार आहेत, आणि कुठला बदल किती लोकांत आढळतो याची नोंद ठेवणाऱ्या जिनोमॅडसारख्या संग्रहात त्यांचं प्रतिनिधित्व किती आहे, हे बघितल्याशिवाय अर्थ लावायला बसू नका.

आता माझ्या आयुष्यातला तो अहवाल, ज्याने मला अहवाल लिहायला शिकवलं. एका तरुणाचा स्नायू जाड झालेला होता आणि त्याच्यात एक अनिश्चित अर्थाचा बदल सापडला. आम्ही तसंच लिहिलं, तिसऱ्या पानावर, सगळे निकष देऊन. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं ‘बदल आढळला’. पुढे त्याच्या बहिणीची फक्त त्या बदलासाठी तपासणी झाली, तो तिच्यात नव्हता, आणि तिला सांगितलं गेलं की आता इकोची गरज नाही. काही वर्षांनी ती चक्कर येऊन पडली. तिचाही स्नायू जाड झालेला होता. तो बदल मुळात कारण नव्हताच. तिच्या डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं होतं, आणि पहिल्या पानावर सही माझी होती. तिचा जीव वाचला, पण मधली वर्षं तिच्यावर कोणाचं लक्ष नव्हतं.

तेव्हापासून माझ्या अहवालाची पहिली ओळ निर्णयाची असते. ‘आजाराचं कारण सापडलं. रक्ताच्या नातेवाइकांची तपासणी करता येईल.’ किंवा: ‘आजाराचं कारण सापडलं नाही. या अहवालावरून नातेवाइकांना धोका नाही असं म्हणू नये. त्यांची इको आणि ईसीजी तपासणी चालू ठेवावी.’ अनिश्चित अर्थाचे बदल दुसऱ्या भागात येतात, आणि ‘यांच्यावरून उपचार किंवा नातेवाइकांबद्दल निर्णय घेऊ नये’ हे वाक्य त्यांच्या डोक्यावर असतं. निकाल कोरा आला तर तो कोणाच्या बाबतीत कोरा, हेही लिहितो. कुटुंबातला रोगकारक बदल आधीच माहीत असेल आणि तो या व्यक्तीत नसेल, तर तो खरा दिलासा. कुटुंबात काही माहीतच नसेल, तर कोरा निकाल म्हणजे फक्त ‘आम्हाला सापडलं नाही’.

तुम्ही विचारलेलं नाही, पण चाचणी सुरू होऊन सहा महिने झाले की हा आग्रह येतोच: लक्षणं नसलेल्या लोकांनाही हे पॅनेल देऊ या. तेव्हा गर्भाच्या गुणसूत्रांसाठी आईच्या रक्तावर होणारी एनआयपीटी चाचणी आठवा. डेनिस लो यांच्या गटाने 1997 मध्ये दाखवलं की आईच्या रक्तद्रवात गर्भाकडचा डीएनए तरंगत असतो. 2008 मध्ये सिक्वेन्सिंगने त्यातून डाउन सिंड्रोम ओळखता येतो हे सिद्ध झालं आणि 2011 मध्ये चाचणी रुग्णांपर्यंत पोचली. 14 वर्षं. समजा तिची संवेदनशीलता (बाधितांना बाधित म्हणण्याचं प्रमाण) 99 टक्के आणि विशिष्टता (निरोगींना निरोगी म्हणण्याचं प्रमाण) 99.9 टक्के धरली. ज्या गटात 100 गर्भांत 1 बाधित आहे, तिथे दहा सकारात्मक निकालांतले सुमारे नऊ खरे निघतील. ज्या गटात 1000 त 1 बाधित, तिथे निम्मेच. चाचणी तीच, यंत्र तेच, रक्त काढायची पद्धत तीच, फक्त माणसं कोण हे बदललं. त्यात हा डीएनए मुख्यतः वारेतून येतो, आणि वार व गर्भ यांच्या गुणसूत्रांत कधी कधी फरक असतो. म्हणूनच सकारात्मक निकालानंतर गर्भजलाची तपासणी केल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये असं सांगतात. तुमचं पॅनेल लक्षणं असलेल्या रुग्णांवर पारखलं आहे. निरोगी माणसात तोच बदल सापडला तर त्याला आजार होण्याची शक्यता किती, हा निराळा प्रश्न आहे. टायटिनमधले प्रथिन अर्धवट तोडणारे बदलही काही पूर्ण निरोगी लोकांत सापडतात.

संशोधनातल्या जुन्या नमुन्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या 200 जणांपैकी कोणात महत्त्वाचा बदल सापडला असेल, तर संशोधनाच्या निकालावरून त्यांना थेट अहवाल देऊ नका. संमतिपत्रात काय लिहिलंय ते आधी बघा, नैतिकता समितीला विचारा, आणि कळवायचं ठरलं तर नवा नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत निकाल पुन्हा काढा. कायदे देशागणिक वेगळे आहेत आणि ते हलते आहेत. युरोपीय संघात निदान चाचण्यांचा नवा नियम 2022 पासून लागू झाला. अमेरिकेत प्रयोगशाळांनी स्वतः बनवलेल्या चाचण्यांवर एफडीए या औषध नियामक संस्थेने 2024 मध्ये नियम आणला आणि 2025 मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. आयएसओ 15189 हे वैद्यकीय प्रयोगशाळांचं मानक मात्र जवळपास सगळीकडे मानलं जातं. त्याची तयारी आजच सुरू करा, कारण त्यातल्या नोंदी मागच्या तारखेने भरता येत नाहीत.

समुपदेशकाचा पगार तुमच्या अंदाजपत्रकात नसेल तर चाचणी सुरू करू नका, असं मी ठामपणे सांगतो. आईवडिलांपैकी एकात रोगकारक बदल असेल, तर अशा बहुतेक हृदयविकारांत प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के असते. हे वाक्य फोनवर दोन मिनिटांत सांगण्याचं नाही. एक बहीण जाणून घ्यायला उत्सुक असते, दुसरीला कळून घ्यायचं नसतं, आणि दोघींचा हक्क सारखाच आहे. आम्ही सुरुवातीला हे काम डॉक्टरांच्या भरवशावर सोडलं होतं. नातेवाईक आलेच नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावलंच नाही. समुपदेशक आल्यावर कुटुंबं यायला लागली. मला विचाराल तर वारशाच्या हृदयविकारांत जनुकचाचणीची खरी कमाई तिथेच होते.

आणि अहवाल पाठवला की काम संपलं असं होत नाही. बदलांचे अर्थ बदलत राहतात. 2013 पासून चालू असलेल्या क्लिनव्हार या जनुकबदल आणि त्यांच्या अर्थांच्या खुल्या संग्रहात रोज भर पडते. अनिश्चित अर्थाचे जे बदल पुढे वर्ग बदलतात, त्यातले बहुतेक निरुपद्रवीकडे सरकतात. थोडे रोगकारक ठरतात. त्या थोड्यांच्या घरी कोण कळवणार, किती दिवसांत, डॉक्टर बदलले असतील तर कोणाला, हे आधी ठरवा. आम्ही दर वर्षी जुने अनिश्चित बदल पुन्हा काढून बघतो, आणि तेवढ्यासाठी एका माणसाचे काही आठवडे राखून ठेवलेले असतात. तुमचे स्वतःचे बदलही पुराव्यासकट त्या संग्रहात टाकत जा.

तर दीड-दोन वर्षं हा अंदाज बरोबर आहे. त्यातला सर्वांत कमी वेळ यंत्राला लागतो. पुढच्या आठवड्यात करण्यासारखं एक काम मात्र आहे. तुमच्या शोधनिबंधातल्या निकालांवरून सहा खोटे अहवाल बनवा. दोन रोगकारक, दोन अनिश्चित, एक कोरा आणि एक असा ज्यात काही एक्झॉन वाचता आले नाहीत. नावं काल्पनिक असू द्या. नमुने पाठवायला निघालेल्या त्या हृदयरोगतज्ज्ञांना ते द्या आणि प्रत्येकाखाली लिहून मागा, की या रुग्णाचं आणि त्याच्या भावंडांचं पुढे काय कराल. उत्तरं आली की शेजारी शेजारी ठेवा. ज्या अहवालावर दोन डॉक्टरांनी दोन निरनिराळ्या गोष्टी लिहिल्या असतील, तो अहवाल आधी दुरुस्त करा आणि मग पुन्हा त्याच डॉक्टरांकडे पाठवा.